काशाच्या पत्र्यावरची फौज

इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या क्रोतोने शहराजवळच्या भूशिरावर, हेरा देवीचे मोठे देऊळ होते. इसवीसनपूर्व २०५ च्या उन्हाळ्यात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने तिथे आपल्या मोहिमेचा वृत्तान्त प्यूनिक (कार्थेजची भाषा) आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरून ठेवला. पुढे पॉलिबियस या इतिहासकाराने तो काशाचा पत्रा स्वतः पाहिला आणि त्यावरचे आकडे उतरवून घेतले. इटलीकडे निघताना हॅनिबलने स्पेनमध्ये आपल्या भावाच्या हाती काय सोपवले, त्याचा हिशेब त्यात आहे. ११,८५० लिबियन पायदळ, ३०० लिगुरियन, ५०० बॅलिअरिक. घोडदळात १,८०० नुमिडियन, ४५० लिबियन व लिबी-फिनिशियन, शिवाय ३०० इबेरियन. २१ हत्ती. आणि ५७ युद्धनौका.

कार्थेजची फौज स्ट्रॅटेजी गेममध्ये उभी करणाऱ्याला याहून मोठे घबाड मिळणार नाही. इसवीसनपूर्व १४६ मध्ये रोमने ते शहर जमीनदोस्त केले आणि तिथल्या ग्रंथसंपदेतले जवळजवळ काहीच आपल्यापर्यंत पोहोचले नाही. कार्थेजविषयी जे वाचायला मिळते ते ग्रीकांनी आणि रोमनांनी लिहिलेले. हा पत्रा मात्र खुद्द हॅनिबलच्या हिशेबाचा.

यादी वाचताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की कार्थेज शहराचा नागरिक शिपाई त्यात दिसतच नाही. तरीही बहुतेक गेमांत कार्थेजचे सर्वांत नावाजलेले पथक असते ‘सेक्रेड बँड’, श्रीमंत घरांतल्या नागरिकांची निवडक तुकडी. ती खरोखर होती. इतिहासकार डायोडोरस तिची संख्या २,५०० देतो, आणि सिसिलीत क्रिमिसस नदीकाठी ती कापली गेल्याचे सांगतो. पण इसवीसनपूर्व ३१० च्या सुमारास, सिराक्यूजच्या अगाथोक्लीसच्या स्वारीनंतर, तिचे नाव कुठे येत नाही. २००४ मध्ये आलेल्या ‘रोम: टोटल वॉर’चा खेळ सुरू होतो इसवीसनपूर्व २७० मध्ये, आणि त्यातही सेक्रेड बँड आहेच. नावाचा मोह समजण्यासारखा आहे, पण त्याच्यापायी कार्थेजची खरी ओळख झाकली जाते. हे राज्य लढत होते ते पगारावर आणि तहांवर.

ही गोष्ट नुसत्या चिलखतांच्या रंगांतून सांगता येत नाही, ती खेळाच्या नियमांत उतरावी लागते. ‘झिरो ए.डी.’ या मुक्त-स्रोत गेममध्ये कार्थेजसाठी वकिलातींच्या इमारती आहेत: केल्टिक, इबेरियन, इटालिक. भाडोत्री सैनिक हवे असतील तर आधी त्या त्या लोकांची वकिलात उभारायची. कल्पना साधी, पण अचूक. ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये कार्थेजला पहिला महान सेनापती मिळाला की फौजा डोंगर ओलांडू शकतात, मात्र शिखरावर मुक्काम केला तर जबर इजा होते. हॅनिबलने आल्प्स ओलांडल्याची गोष्ट एका नियमात बसली. हत्तींचेही तसेच. ‘रोम: टोटल वॉर’मध्ये बिथरलेले हत्ती आपल्याच लोकांना तुडवू लागले, तर त्यांना ठार करण्याचा हुकूम देता येतो. ही कल्पना हवेतून आलेली नाही. मेटॉरसच्या लढाईत माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे, हत्ती आवरेनासा झाला की तो मानेच्या सांध्यात ठोकत, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो.

त्या माहुतांना पॉलिबियस ‘इंडियन’ म्हणतो, मग ते कुठलेही असोत. हत्ती हाकणारा म्हणजे भारतीय, असे ग्रीक भाषेत रूढच झाले होते. हत्ती मात्र बहुतांशी उत्तर आफ्रिकेतले, मोठ्या कानांचे. स्पेनमध्ये पाडलेल्या बार्का घराण्याच्या नाण्यांवर ते दिसतात: पाठीवर माहूत, पण हौदा नाही. चित्रकाराने लाकडी बुरूज चढवण्याआधी ही नाणी एकदा पाहावीत.

बॅलिअरिक बेटांवरच्या लोकांसाठी मराठी वाचकाला वेगळे चित्र लागत नाही, राखणीच्या माचाणावरून गोफणगुंडा भिरकावणारा शेतकरी डोळ्यांसमोर आणला की पुरे. फक्त त्यांच्याजवळ तीन गोफणी असत: एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. लिबियन पायदळाला मात्र एकच पोशाख देऊन भागत नाही. ट्रासिमीन सरोवराकाठच्या विजयानंतर हॅनिबलने त्यांना रोमनांकडून लुटलेली शस्त्रे दिली. इसवीसनपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर ते रोमनच वाटत होते.

जहाजांबाबत समुद्राने अधिक साक्ष दिली आहे. सिसिलीतल्या मार्सालाजवळ सापडलेल्या प्यूनिक जहाजाचे उत्खनन ऑनर फ्रॉस्ट यांनी १९७१ ते १९७४ या काळात केले. त्याच्या फळ्यांवर सुतारांनी रंगवलेली प्यूनिक अक्षरे होती, कुठला भाग कुठे बसवायचा हे सांगणारी. जवळच एगादी बेटांपाशी, जिथे रोम आणि कार्थेज यांच्यातली इसवीसनपूर्व २४१ ची निर्णायक लढाई झाली, समुद्रतळावरून जहाजांच्या नाळेवरची काशाची टक्करमुखे वर काढली गेली. आजवर वीसहून अधिक. एकावर बआल देवाला केलेली प्यूनिक विनवणी कोरलेली आहे. पॉलिबियसच्या वर्णनात क्विंक्वेरिम या मोठ्या युद्धनौकाच प्रमुख. ही टक्करमुखे मात्र मापाने लहान, ट्रायरिम या लहान युद्धनौकांना शोभतील अशी. गेममध्ये सगळे आरमार महाकाय दाखवणाऱ्यांनी इथे थांबायला हवे.

कार्थेजच्या वर्तुळाकार लष्करी बंदराचेही असेच. इतिहासकार अॅपियन सांगतो की तिथे २२० जहाजांची सोय होती. ‘झिरो ए.डी.’मध्ये ‘कोथॉन’ या नावाने ते आहे आणि देखणे आहे. पण उत्खननात मिळालेले बंदराचे बांधकाम इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातले, म्हणजे हॅनिबलची लढाई संपल्यानंतरचे. इसवीसनपूर्व २०१ च्या तहाने तर कार्थेजला फक्त १० ट्रायरिम ठेवायची मुभा होती. पराभूत शहराने एवढे बंदर का बांधले, यावर एक अख्खी मोहीम रचता येईल. ती कुणीतरी मनापासून रचायला हवी.

त्या पत्र्यावर आणखी एक तपशील आहे. ५७ नौकांमध्ये ५० क्विंक्वेरिम, २ क्वाड्रिरिम आणि ५ ट्रायरिम. पण माणसांनिशी सज्ज होत्या त्या ३२ क्विंक्वेरिम आणि पाचही ट्रायरिम. पॉलिबियस रोमन क्विंक्वेरिमवर ३०० वल्हेकरी मोजतो. तोच हिशेब धरला तर उरलेल्या १८ क्विंक्वेरिमसाठी ५,४०० वल्हेकरी लागले असते, आणि ते नव्हते. गेममध्ये लाकूड आणि सोने मोजले की जहाज तयार होऊन पाण्यात उतरते. हॅनिबलची २० जहाजे तयार होती, आणि त्यांच्या बाकांवर बसायला कुणी नव्हते.