गेम घ्यायचा, पण कधी?

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) इथे बसूनही आज व्हिडिओ गेम विकत घेता येतो. त्यासाठी दुकान लागत नाही. इंटरनेट आणि यूपीआय पुरते. पैसे मोजकेच असतील, तर कोणता गेम घ्यायचा याइतकाच तो कधी घ्यायचा हा प्रश्न महत्त्वाचा.

खरा खर्च होतो तो गेम घडवताना. पुढे डिजिटल गेमची आणखी एक प्रत द्यायला कंपनीला जवळपास काहीच लागत नाही. म्हणून ज्यांना धीर निघत नाही त्यांच्याकडून आधी पूर्ण किंमत घ्यायची आणि बाकीच्यांसाठी ती हळूहळू उतरवायची, असे हे गणित असते. थांबणाऱ्याला तोच गेम, बहुतेकदा चुका दुरुस्त झालेला, कमी पैशांत मिळतो.

सवलतीतही सावध राहावे. काट मारलेली मोठी किंमत आधी दिसली, की खालचा आकडा स्वस्तच वाटतो. मनाची ही खोड मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये मांडली.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० मधला गेम काही तासांतच संपतो. तासाला किती रुपये, असा हिशेब केला तर तो महाग ठरेल. पण त्यातले राजस्थानी धाटणीचे महाल बघत रेंगाळणाऱ्याचे पैसे नक्की वसूल होतात.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. आपल्या संगणकावर तो अडखळतो का, हे पहिल्याच बैठकीत बघून घ्यावे.