परिचारिका शिक्षण आणि अल्पखर्ची ऑनलाइन क्रेडिट

आजाऱ्यांची शुश्रूषा हे दयाकृत्य मानून आपल्या कित्येक धर्मभगिनींनी व प्रापंचिक स्त्रियांनी परिचारिकेचा पेशा पत्करला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांची मुलेही त्याकडे वळतात. परंतु तेथे सेवेच्या इच्छेआधी कर्जाचा हिशेब मांडावा लागतो.

तेथील बी.एस.एन. पदवीसाठी साधारणतः 120 क्रेडिट लागतात. ती सर्वच परिचर्येची नसतात. इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र असे सामान्य विषयही त्यांत येतात आणि बचतीला वाव आहे तो येथेच. कॉलेज बोर्डाची 'क्लेप' ही परीक्षा 1967 पासून चालू आहे. शुल्क सुमारे 100 डॉलर, गुणांची श्रेणी 20 ते 80. 50 गुण मिळाल्यास बरीच महाविद्यालये त्या विषयाची क्रेडिट देतात. 'मॉडर्न स्टेट्स' ही संस्था या परीक्षांचे पाठ विनामूल्य शिकवते व पाठ पूर्ण करणाऱ्यास परीक्षाशुल्काचे कूपनही देते. 'सोफिया' व 'स्ट्रेटरलाइन' यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम मासिक वर्गणीवर मिळतात.

तथापि, क्रेडिट मिळविणे आणि ते स्वीकारले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्णय सर्वस्वी प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाचा असतो. म्हणून आधी महाविद्यालय निवडावे, कोणता विषय कोठून चालेल हे तेथून लेखी घ्यावे आणि मगच पैसे भरावेत. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात व जमविलेली क्रेडिट वाया जातात. शरीररचना-शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांसाठी क्लेप नाही. या विषयांना प्रयोगशाळा लागते, आणि पाच-सात वर्षांपूर्वीची विज्ञानाची क्रेडिट अनेक अभ्यासक्रम नाकारतात. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. क्लेपला श्रेणी नसते, त्यामुळे सरासरी गुणांत भर पडत नाही. परिचर्येचा प्रवेश तर बहुधा त्या सरासरीवरच ठरतो. हुशार विद्यार्थ्याने मानसशास्त्र वर्गात बसून शिकणेच कधी कधी अधिक हिताचे ठरते.

आमच्या मते मध्यम परिस्थितीच्या कुटुंबाला कम्युनिटी कॉलेजची वाट अधिक सोयीची आहे. तेथे परिचर्येची असोशिएट पदवी घ्यावी, एनक्लेक्स परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीस लागावे आणि उर्वरित पदवी ऑनलाइन पूर्ण करावी. कित्येक रुग्णालये त्यासाठी आर्थिक साहाय्य देतात. न्यूयॉर्क राज्यात मात्र 2017 च्या कायद्यानुसार नव्या परिचारिकांना परवान्यानंतर दहा वर्षांत ही पदवी घ्यावी लागते.

रुग्णाच्या उशाशी घ्यावयाचे प्रशिक्षण संगणकावर होत नाही. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातील काही परिचर्या शाळांनी सुमारे 7,600 बनावट पदविका व गुणपत्रके विकल्याचे प्रकरण अमेरिकी तपास यंत्रणांनी उघडकीस आणले. त्यांतील काहींनी एनक्लेक्सही उत्तीर्ण केली होती! तेव्हा 'घरबसल्या परिचारिका व्हा' अशी जाहिरात दिसताच महाविद्यालयास एसेन अथवा सीसीएनई यांची मान्यता आहे का आणि त्या राज्याच्या परिचर्या मंडळाची मंजुरी आहे का, हे प्रथम पाहावे.

येथून जी.एन.एम. करून जाणाऱ्या भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या कागदपत्रांचे मूल्यमापन होते आणि त्यात प्रात्यक्षिकाचे तास कमी भरल्यास ती उणीव ऑनलाइन सामान्य विषयांनी भरून निघत नाही. आपल्या शाळेकडून विषयवार तासांची नोंद निघण्यापूर्वीच मागून घ्यावी.