गुलाबाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं

दसरा-दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न हमखास कानावर येतो. "नर्सरीतून आणला तेव्हा गुलाब भरभरून फुलला होता, आता नुसत्या उंच काड्या झाल्यात. खत कोणतं घालू?" खताआधी कात्री लावा, असं सांगितलं की समोरच्याच्या जिवावर येतं. हिरवी फांदी कापली की झाड खचतं, हा गुलाबाबद्दलचा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज आहे.

गुलाबाला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. छाटणी टाळली तर फूट वरवर सरकत जाते, काडी बारीक होते आणि फूलही लहान होतं. परदेशी पुस्तकं थंडी सरताना छाटा म्हणतात, कारण तिथे हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं. आपल्या पुण्या-नाशिककडे थंडी हाच गुलाबाचा ऐन बहर. म्हणून पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करावी. हायब्रिड टी जातीचं झाड असेल तर तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवून त्या फूट-दीड फुटावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर कापा. साधारण ४५ दिवसांत फुलं येतात. मावळातले पॉलिहाऊसवाले १४ फेब्रुवारीचा बाजार गाठायला हेच दिवस उलटे मोजतात. वेलगुलाब आणि गावठी गुलाब मात्र इतके खाली आणू नका. त्यांचं फक्त वाळलेलं आणि दाटलेलं काढा.

कापलेल्या टोकाकडे नीट बघा. मधला गाभा पांढरा किंवा हिरवट पांढरा हवा. तो तपकिरी दिसला तर फांदी वरून खाली वाळत चालली आहे. बागवाले याला डायबॅक म्हणतात. स्वच्छ गाभा दिसेपर्यंत थोडं थोडं खाली कापत या आणि टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराईडचा लेप द्या.

"सात पानांची फांदी रानटी, पाच पानांची खरी" हे तर घरोघरी ऐकू येतं. त्यापायी चांगल्या फांद्या बळी जाताना पाहिल्या की वाईट वाटतं. अनेक चांगल्या कलमी जातींना सात पानं येतात, आणि ज्यांवर कलम बांधतात त्या खुंटांपैकी काहींना पाचही. मोजू नका, फांदी कुठून निघाली ते पाहा. बुंध्याशी माती सारली की डोळा भरलेली जाड गाठ दिसते. गाठीच्या वरची फांदी तुमच्या गुलाबाची, खालची खुंटाची. खालची फूट नुसती वरून कापली तर पुन्हा येते. ती मुळाशी धरून ओढून काढावी.

पावसाळ्यात पाऊस आहे म्हणून गुलाब खूश असतो, हेही खरं नाही. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात. पानं सात-आठ तास ओली राहिली तर काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला तेवढं पुरतं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या, गळलेली पानं उचलून टाका. भुरी या पांढऱ्या बुरशीचं गणित वेगळं. द्राक्षवाल्यांना ती ठाऊक असतेच. तिला पान ओलं लागत नाही. दिवसा ऊब, रात्री गारवा आणि दमट हवा असली की ती येते.

उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली की लोक हाताला येईल ते कीटकनाशक मारतात. तो लाल कोळी. कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला जीव. पुष्कळ कीटकनाशकांचा त्याच्यावर उपयोग होत नाही, उलट त्याला खाणारे किडे मात्र मरतात. आधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा.

राहता राहिला चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं. दूध-साखरेचा चोथा न धुता टाकला तर मुंग्या आणि बुरशी येते. टरफलांतलं कॅल्शियम मातीत फार सावकाश उतरतं. दोन्ही कंपोस्टमध्ये घाला. झाडाला कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड द्या.

येत्या ऑक्टोबरात छाटणीला बसण्याआधी कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्रीने काडी चिरडते, आणि चिरडलेल्या टोकातून डायबॅक सहज आत शिरतो.