नमुन्यासोबतची चिठ्ठी

दोन-तीन दमदार सरी पडून गेल्या की आमच्या विभागात कुणाचं वर्गात लक्ष लागत नाही. बुरशीचा जंगलातला संसार अभ्यासणाऱ्यांची सुगी पावसाळ्यातच असते. सह्याद्रीत या चार महिन्यांत जे हाती लागेल, त्यावर वर्षभर प्रयोगशाळा चालते आणि परिषदेत बोलायचं तेही त्यातूनच निघतं.

आम्ही जंगलात जाऊन अळंब्या गोळा करतो, असा लोकांचा समज असतो. पण छत्री हे नुसतं फळ आहे. खरी बुरशी म्हणजे मातीत, लाकडात पसरलेलं धाग्यांचं जाळं. म्हणून एकेका नमुन्यापाशी बराच वेळ बसावं लागतं. वारुळावरची अळंबी घ्या. उपटली, तर टोपी आणि अर्धा देठ हातात येतो. खुरप्यानं हलक्या हातानं माती सारत गेलं, तर देठ निमुळता होत मुळासारखा खाली उतरताना दिसतो, कधी कधी हातभर खोल. त्याच्या टोकाला वाळवीची बुरशीबाग असते: भुरकट, सुरकुतलेली, स्पंजासारखी सच्छिद्र पोळी आणि तिच्यावर मोहरीएवढे पांढरे गोळे. वाळवी पालापाचोळा चावून तिथे आणते, बुरशी तो पचवते आणि वाळवीचं अन्न बनते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या बुरश्यांना टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. एक देठ पूर्ण मिळाला की आम्ही खड्डा बुजवतो. अख्खं वारूळ फोडायची गरज नसते.

मग चिठ्ठी. नमुन्याचा क्रमांक, जागा, उंची, आसपासची झाडं, वास, कापल्यावर रंग बदलतो का, हे सगळं तिथेच, पेन्सिलनं लिहायचं. एका पावसात माझ्या शाईच्या चिठ्ठ्या विरघळल्या आणि दिवसभराचे सुंदर नमुने निरुपयोगी झाले, तेव्हापासून शाईचं पेन सॅकमध्येही ठेवत नाही. पिशवी कागदाची हवी. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबीला घाम फुटतो आणि संध्याकाळपर्यंत तिचा लगदा होतो.

मुक्कामावर पोचलो की टोपी देठापासून कापून, अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवतो आणि वर वाटी झाकतो. सकाळी वाटी उचलली की कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली असते, पडद्यांच्या रेघांसकट. पांढरे बीजाणू काळ्या भागावर उठून दिसतात, गडद बीजाणू पांढऱ्यावर. इतकी वर्षं झाली, तरी ती वाटी उचलताना मी श्वास रोखून धरतो. उरलेला नमुना साधारण चाळीस अंशांवर सुकवायचा आणि एक छोटा तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये टाकायचा. मातीचे नमुने वेगळे, कारण छत्री न धरणाऱ्या बुरश्या तिथेच सापडतात.

आजवर बुरशीच्या दीड लाखाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत; २०१७ सालच्या एका अंदाजानुसार एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. इतकं शिल्लक असताना नावं कशी ठेवायची, हे परिषदांत ठरतं. पूर्वी एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक रूपांना दोन वेगळी नावं चालत. एप्रिल २०११ मध्ये ॲम्स्टरडॅमला जमलेल्या अभ्यासकांनी ‘एक बुरशी, एक नाव’ असा आग्रह धरला आणि त्याच जुलैत मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये दुहेरी नावांची पद्धत रद्द झाली. २०१८ साली पोर्टो रिकोतल्या सान हुआनच्या बुरशीशास्त्र काँग्रेसपासून तर बुरशीपुरत्या नियमांवरचे निर्णय बुरशीतज्ज्ञच घेतात. अशा ठरावांनंतर संग्रहातल्या पाकिटांवरची नावं बदलतात. क्रमांक मात्र तोच राहतो. म्हणून नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर कवक संग्रहालयासारख्या ठिकाणी जमा करण्याबाबत मी आग्रही असतो: नाव उद्या चुकीचं ठरलं, तरी पुढच्या माणसाला पाकीट उघडून पाहता येतं.

परिषदेत भाषणाला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. खरी परीक्षा पोस्टरपाशी होते. माझ्या विद्यार्थिनीच्या पोस्टरवरचा फोटो बघून एका ज्येष्ठ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘जवळ झाड कोणतं होतं?’’ होपियासारख्या, साल कुळातल्या झाडांच्या मुळांशी काही बुरश्यांचं घट्ट नातं असतं. झाड कळल्याशिवाय बुरशीचं पोट कशावर भरतं ते कळत नाही. मुलीनं वही उघडली. पान चिखलानं माखलेलं होतं. पण पेन्सिलीची अक्षरं लागत होती, आणि झाडाचं नाव होतं.