बडबड्या मॉर्नचा एकही शब्द नाही

'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' (१९९३-१९९९) पाहिलेल्यांना क्वार्कच्या बारमधलं ते स्टूल आठवत असेल. त्यावर कायम बसलेला, सुरकुतलेल्या थोराड चेहऱ्याचा गिऱ्हाईक म्हणजे मॉर्न. सात सीझनमध्ये त्याच्या तोंडी एकही संवाद नाही. गंमत अशी, की बाकीची पात्रं त्याला महाबडबड्या समजतात! तो तोंड उघडणार, तेवढ्यात प्रसंग तरी संपतो किंवा कॅमेरा तरी वळतो.

नावातही खोडी आहे. 'चीअर्स' या अमेरिकी विनोदी मालिकेतल्या बारचं कायमचं गिऱ्हाईक नॉर्म; त्याच्या इंग्रजी नावातली अक्षरं उलटसुलट केली की 'मॉर्न' होतं.

मॉर्नच्या मुखवट्याआड होता अभिनेता मार्क अ‍ॅलन शेफर्ड, जो चित्रकारही आहे.

१९९८मध्ये या मुक्या पात्राला अख्खा भाग मिळाला: 'हू मॉर्न्स फॉर मॉर्न?' मॉर्न मेल्याची बातमी येते, क्वार्कला वारसाहक्काचे डोहाळे लागतात आणि जुने चोरटे साथीदार लुटीतला वाटा मागायला हजर होतात. लुटीतल्या विटा सापडतात, पण निव्वळ सोन्याच्या; म्हणजे त्या जगात कवडीमोल. खरा ऐवज असतो त्या जगातलं मौल्यवान चलन, द्रवरूप लॅटिनम, आणि तो मॉर्नने वर्षानुवर्षं स्वतःच्या दुसऱ्या जठरात दडवलेला असतो.

त्याच भागात मॉर्नची जागा रिकामी राहू नये म्हणून क्वार्क गर्दीतल्या एका माणसाला त्या स्टुलावर बसवतो. तो माणूस म्हणजे मुखवट्याविना शेफर्डच.