जवारी जुळवणारे गाव

मिरज जंक्शनवर गाड्या बराच वेळ थांबतात, पण मिरज पाहायला म्हणून उतरणारे थोडेच. कोल्हापूर-पंढरपूरला निघालेल्यांनी या गावासाठी एक सकाळ जरूर राखून ठेवावी.

पटवर्धनांचे संस्थान, डॉ. वानलेस यांचे १८९४ चे रुग्णालय, १९०५ साली बालगंधर्वांनी इथेच रंगभूमीवर टाकलेले पहिले पाऊल, हे सारे परिचयाचे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात मात्र थांबावे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगने आजारी पडले, दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, अशी आख्यायिका आहे. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांची कबर याच आवारात आहे. उरुसातल्या संगीतसभेत दरवर्षी त्यांना स्वरांनी वंदन केले जाते.

सतारमेकर गल्ली तिथून जवळच. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार संस्थानी काळात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव या परंपरेत पहिले घेतात. एका दुकानात एक वयस्क कारागीर मांडीशी तंबोरा घेऊन बसले होते; सगळे त्यांना चाचा म्हणतात. पंढरपूर भागातून आलेला भोपळा वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या. ही कामे तरुण हात शिकतात. शेवटची जवारी, म्हणजे तारेच्या नादाची जुळणी, मात्र चाचाच लावतात.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस अगदी हलकी फिरते, तार छेडली जाते, पुन्हा कानस. तारेने घोडीच्या उतरत्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श केला की नाद उमलतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. मोजमाप कसले? सगळे कानावर.

"चाचा, पुढं कोण करणार हे?"

"लाकूड काय, पैसं टाकलं की मिळतंय. कान कुठनं आणायचा?"

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण मोबाइलमधला तंबोरा फुकट वाजतो आणि कारागिरांची मुले नोकरीच्या शोधात बाहेर पडतात. नवा कान तयार व्हायला वर्षे लागतात. त्या वर्षांत शिकणाऱ्याच्या पोटाची सोय व्हायला हवी. मानांकनानंतरचे पहिले काम म्हणून शासनाने आणि संगीतसंस्थांनी अशा शिष्यांना विद्यावेतन द्यावे. चाचांचा कान तयार आहे, तोवरच हे शिक्षण शक्य आहे.