पाण्याचा तिहेरी बिंदू आणि सुकी लस

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे आवार आपणां बेळगावकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. तेथील जुन्या झाडांखालून सकाळ-संध्याकाळ लोक फिरतात. परंतु 'व्हॅक्सिन' हा शब्द त्या जागेच्या नावात कोठून आला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. या ठिकाणी एके काळी देवीची लस तयार होत असे. पुढे देशातील ज्या चार संस्थांनी ही लस सुक्या स्वरूपात बनविली, त्यांत पटवाडांगर, गिंडी व हैदराबाद यांच्या जोडीला बेळगावचेही नाव आहे. लस सुकी करावयाची म्हणजे काय, आणि ती उन्हात का वाळवता येत नाही, हे समजून घेण्यासाठी प्रथम पाण्याच्या एका विलक्षण गुणधर्माकडे वळले पाहिजे.

पाणी किती अंशांवर उकळते असे वर्गात विचारले की सारी मुले एका सुरात 'शंभर' म्हणून मोकळी होतात. बेळगावपुरते हे उत्तर चूक आहे. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असल्यामुळे येथे हवेचा दाब थोडा कमी, आणि म्हणून चहाचे आधण साधारण ९७.५ अंशांवरच उकळते. दाब आणखी कमी करीत गेलो तर उत्कलनबिंदूही खाली खाली येतो. बर्फ वितळण्याचा बिंदू मात्र जवळजवळ जागचा हालत नाही. अंशाचा शंभरावा भाग काय तो वर सरकतो. एक खाली येत आहे आणि दुसरा स्थिर आहे, तेव्हा कोठे तरी त्यांची गाठ पडणारच. ती पडते ०.०१ अंश सेल्सियस तपमानास, आणि पाऱ्याच्या ४.५८ मिलिमीटर दाबास. समुद्रसपाटीवरील हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो हे लक्षात घेतले म्हणजे हा दाब किती अल्प ते कळेल. या एकाच स्थितीत बर्फ, पाणी आणि वाफ ही तिन्ही भावंडे एकत्र नांदतात. हाच पाण्याचा तिहेरी बिंदू. तो इतका अचल आहे की १९५४ साली तपमानाची केल्व्हिन मोजपट्टी त्याच्यावरच, २७३.१६ हा आकडा देऊन, बसविण्यात आली. २०१९ मध्ये ती व्याख्या बदलली, तरी तपमापके पारखण्यास हा बिंदू अजून उपयोगी पडतोच.

आता दाब ४.५८ मिलिमीटरच्याही खाली नेला तर? तेथे पाणी द्रवरूपात टिकूच शकत नाही. बर्फाला उष्णता दिली तर तो वितळत नाही, एकदम वाफ होऊन जातो. कपाटातील डांबराची गोळी ओली न होता झिजत जाते, कापूर उघडा ठेवला तर नाहीसा होतो, तसेच हे. शास्त्रीय भाषेत यास संप्लवन म्हणतात.

यात लाभ काय, असे कोणी विचारील. पदार्थातील पाणी द्रवरूपात असताना आटवले तर ते जाता जाता विरघळलेले क्षार व साखर एकेका ठिकाणी गोळा करते, पदार्थ आकसतो, आणि उष्णतेने नाजूक घटक मरतात. द्राक्षाचा बेदाणा होतो. बेदाणा भिजवून पुन्हा द्राक्ष होत नाही. परंतु पाणी आधी गोठवून बर्फाच्या रूपातच काढून घेतले, तर बाकीचा सांगाडा जागच्या जागी राहतो आणि बर्फाच्या कणांच्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. पुढे त्यात पाणी घातले की ते क्षणात सर्वत्र पोहोचते.

प्रत्यक्षात केवळ ४.५८ च्या खाली जाऊन भागत नाही. तो आकडा शुद्ध पाण्याचा. लशीत क्षार, साखर, प्रथिने असतात आणि असे मिश्रण शून्याच्या पुष्कळ खालीही चिकट द्रव राहू शकते. म्हणून ते प्रथम उणे ४० अंशांच्या आसपास नेऊन घट्ट गोठवतात. उणे २० अंशांस बर्फाच्या वाफेचा दाब सुमारे ०.७८ मिलिमीटर, तर उणे ४० ला जेमतेम ०.१, यंत्रातील दाब त्याहून कमी राखावा लागतो. शिवाय एक ग्रॅम बर्फाची वाफ करण्यास सुमारे ६८० कॅलरी लागतात. त्या बाहेरून पुरवाव्या लागतात, पण अति घाई केली तर बर्फ वितळतो व सारा माल बिघडतो. दुसरी अडचण वाफेची. एवढ्या अल्प दाबात एका ग्रॅमची वाफ हजार लिटरहून अधिक जागा व्यापते! कोणता पंप ती ओढणार? म्हणून शेजारीच त्याहून थंड, उणे ५० अंशांची किंवा त्याखालची नळ्यांची जाळी ठेवतात आणि वाफ तेथे जाऊन पुन्हा बर्फ होते. पंपाकडे हवा काढण्याचेच काम उरते. अखेरीस तपमान हळूहळू वाढवून चिकटून राहिलेला ओलावाही काढतात. या सगळ्यास एक-दोन दिवस सहज लागतात.

दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव याच रीतीने सुकवून रणांगणावर पाठविला गेला. पण मला या विद्येचे खरे मोल देवीच्या लशीत दिसते. जनावराच्या कातडीवर वाढवलेली ती लस ग्लिसरीनमध्ये पातळ स्वरूपात ठेवीत, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत ती निकामी होई. देवी काढणारा माणूस मैलोगणती चालून खेड्यात पोहोचे, टोचून परत येई, आणि टोचलेले मूल तरीही देवीने आजारी पडे. लोकांचा विश्वास उडाला तर नवल काय? लंडनच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कॉलियर यांनी १९५० नंतरच्या थोड्या वर्षांत पेप्टोन घालून, गोठवून सुकवलेली लस सिद्ध केली. ३७ अंशांच्या उष्म्यात चार आठवडे ठेवूनही तिची शक्ती टिकली पाहिजे, अशी कसोटी पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घातली आणि अशी लस ती उतरली. भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला. १९८० मध्ये साऱ्या जगातून देवी गेल्याची घोषणा झाली. वडीलधाऱ्यांच्या दंडावरचे व्रण तेवढे राहिले आहेत.

हा सगळा इतिहास झाला असे मात्र नाही. आपल्या नातवंडांना नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देतात, जन्मल्यावर बीसीजी टोचतात. या दोन्ही लशी अशाच सुकवलेल्या असतात. कुपीच्या तळाशी पांढुरकी टिकली दिसते, परिचारिका वेगळ्या कुपीतील पाणी तिच्यात सोडते, आणि टिकली पाहता पाहता विरघळते. त्या पाण्यासरशी लशीचा टिकाऊपणा संपतो. सुकी असताना ती २ ते ८ अंशांत पुष्कळ महिने राहते. ओली झाल्यावर चार तास, तेही थंडीत. त्या कुपीत जंतूंना रोखणारे औषध नसते, म्हणून आत शिरलेला एखादा जंतूही ओलाव्यात वाढू लागतो. २०१७ साली दक्षिण सुदानमधील एका गावी एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली आणि लस थंडीत ठेवली नाही. १५ बालके दगावली.

म्हणून लसीकरणाच्या दिवशी दुपारी अर्धी भरलेली कुपी परिचारिका बाजूला टाकते, तेव्हा 'सरकारी माल वाया घालवता' असे तिला ऐकवणाऱ्या मंडळींनी थोडे थांबावे. कुपी पाच किंवा दहा मुलांची असते, आणि मुले आली तीनच. उरलेली लस उद्याच्या मुलाला देणे हा काटकसरीचा नव्हे, धोक्याचा व्यवहार आहे. आपले मूल टोचून घेताना कुपीकडे एकदा पाहावे. पाणी मिसळल्याची वेळ तिच्यावर पेनने लिहिलेली असते, आणि ती नसेल तर विचारण्यास संकोच करू नये.